धाकट्यापासून सुरुवात

"आई, मोठे फादर टेकडी उतरले," डिंपलने मागच्या दारातून डोकं आत घालून सांगितलं, आणि प्रमिलाबाईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणलेला मांडा मधोमध फाटला. पुरण पायावर पडलं. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. शेवटी चुलीवरच्या खापरापुढे बसून तोंडात पदर कोंबावा लागला.

"हसतेस काय? माझ्या पोटात गोळा आलाय."

"माले बी उना शे. तो बाहेर कसा काढू मंग? हासीसनच काढस."

गोष्ट एवढीच होती, की आज या घरात डिंपलसाठी दोन मागण्या येणार होत्या आणि आबांना त्यातली एकच माहीत होती.

पहिली मागणी जळगावची. प्रेमराज पाटलांचा नवल ठिबक सिंचनाच्या कंपनीत होता. मूळ घर जामनेरचं, आता जळगावात फ्लॅट. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत होती. फोनवर इतकं बोलत की डिंपलचा कान लाल होई. अट एकच होती आणि ती प्रेमराजरावांची. लग्नानंतर पोरगी जळगावात राहील, नोकरी सोडेल. आबांनी फोनवरच 'हो' सांगून टाकलं होतं. विचारलं कोणालाच नाही. या घरात विचारत नसत. योगराज आबा बोलत, त्यांचा मुलगा हिलाल मान हलवी, हिलालची बायको प्रमिलाबाई दारामागून ऐके, आणि गोष्ट ठरलेली असे.

दुसरी मागणी टेकडीवरच्या मठाची. संत बेनेडिक्टच्या पंथाचे साधू आबांच्या लहानपणी पिंपळनेरला आले. आधी त्यांनी विहीर खणली, मग झाडं लावली, मग हायस्कूल काढलं. ज्या पाड्यांवर सरकारची गाडी फक्त मतदानाच्या पेट्या घेऊन जाई, तिथली भिल्ल-कोकणी पोरं या शाळेत शिकून नर्स झाली, तलाठी झाली, एक तर कोर्टात वकिलीला उभी राहिली. पण मठ म्हातारा झाला होता. राहिले होते आठ साधू, त्यातले दोन अंथरुणाला. हेडमास्तरच्या खुर्चीत बसायला साधू उरला नव्हता. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत आपल्यातलं माणूस मिळालं नाही, तर शाळा धुळ्याच्या एका शिक्षणसम्राटाच्या घशात जाणार होती. या सम्राटाच्या कॉलेजात प्रयोगशाळा नव्हती, निम्मे मास्तर कागदावरच होते, पण गेटवर त्याचा स्वतःचा पुतळा उभा होता. जिवंतपणी! असल्या माणसाच्या हातात पाड्यावरची पोरं द्यायची म्हणजे कोकरू लांडग्याला राखायला देण्यासारखं होतं, आणि हे अख्ख्या साक्री तालुक्याला माहीत होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं, कारण सत्कारांचे हार त्याच्याच पैशाने येत.

मठाने एकमताने नाव काढलं होतं, गणिताच्या डिंपल टीचरचं. साधू नाही, ख्रिस्ती नाही, पुरुष नाही, अशी पहिलीच मुख्याध्यापक.

डिंपलने हे फक्त आईला सांगितलं होतं. आबांना सांगायची हिंमत दोघींच्यात मिळून नव्हती. आणि मग आबांनीच गंमत केली. आबा त्या शाळेच्या पहिल्या तुकडीतले. मठाचा अभिमान इतका, की आंब्याला कलम बांधतानासुद्धा 'फादरनी शिकाडेल शे' असं झाडाला ऐकवत. त्याच अभिमानात त्यांनी प्रेमराजरावांना फोनवर छाती ठोकून सांगितलं, "बोलनीले आमना मोठा फादर बठतीन. त्या सांगतीन तो निकाल. आमना घरमा त्यासना शब्द म्हंजे शेवट." फादर हिलालसारखीच मान हलवतील, अशी आबांची खात्री होती.

"आबांना आधी सांगायला हवं होतं," डिंपल म्हणाली. मास्तरीण झाल्यापासून ती घरातही शुद्ध बोलायची, फक्त चिडली की घसरायची.

"आते काय सांगशी? पाव्हना दारमा उनात." प्रमिलाबाईने दुसरा उंडा हातावर घेतला. "जाय, साडी नीट कर. हेडमास्तरनी दिसाले पायजे."

"आई!"

"नवरी बी दिसाले पायजे. दोन्ही दिस."

*

बैठकीच्या खोलीत पंखा फुल्लवर होता आणि तरी सगळ्यांना घाम होता. आखाजी, खानदेशची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. प्रेमराजराव सोफ्यावर मधोमध बसले होते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला माणूस. साधं पाणी प्यायचं असलं तरी 'विषय क्रमांक एक' म्हणेल असा. शेजारी नवल, इस्त्रीच्या शर्टात आवळून बसलेला. त्याच्या पलीकडे त्याची बहीण दिपमाला, कॉलेजात नुकतीच गेलेली, मोबाइलमधून डोकं वर न काढता सगळं ऐकणारी. नवलची आई मंजुळाबाई मात्र बैठकीत टिकली नव्हती. मांड्यांचा वास आला तशी उठून थेट खापरापाशी येऊन बसली होती.

"एवढा मोठा मांडा हातावर कसा राहतो हो? आमच्याकडे आता विकत आणतात."

"राहास नई, राखना पडस," प्रमिलाबाई म्हणाली. दोघींची तिथेच जमली.

मोठे फादर आन्सेल्म आले ते पांढऱ्या झग्यात, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर छत्री. केरळातून तरुणपणी आलेला माणूस. आला तो आलाच.

"काय योगराज, गुडघा कसा शे?"

"शे तसाच शे. बठा फादर, पंखाखाल बठा."

प्रेमराजरावांच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही अहिराणी बोलता?"

"आठे राहीसन मल्याळम इसरी गऊ. अहिराणी इसरनू तर बोलू काय?"

दिपमाला खुदकन हसली. प्रेमराजरावांना प्रश्न पडला होता तो त्यांनी विचारलाच. "मग पुढची बदली कुठे होणार तुमची?"

"आमच्यात बदली नसते," फादर पाहुण्यांच्या सोयीने शुद्धवर आले. "ज्या मठात शपथ घेतली तिथेच जगायचं, तिथेच मरायचं. माझी जागाही ठरली आहे, चिंचेखाली. सावली चांगली आहे."

अख्खी नोकरी बदल्या टाळण्यात घालवलेल्या प्रेमराजरावांनी त्यांच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. पण आदर फार टिकला नाही. हात धुवायच्या निमित्ताने त्यांनी आबांना बेसिनपाशी गाठलं. बेसिन स्वयंपाकघराच्या दाराला लागून, त्यामुळे आत सगळं ऐकू आलं.

"आबा, राग मानू नका. पण हे लोक गोड बोलून माणसं ओढतात म्हणे."

"मंग माले साठ वरीस पासून ओढी ऱ्हायनात," आबा म्हणाले. "दोर कोठे शे तो दाखाडा. त्यासनी मना फक्त कान ओढा, आठवीमा, गनितना करता. मी दरसाल घरमा कानबाई देवी बसाडस आनि फादर परसादना रोट खावाले येतस."

प्रमिलाबाईला त्या क्षणी सासऱ्याला तुपात बुचकळलेली बट्टी वाढावीशी वाटली. ज्यांनी पाड्यावरच्या पोराला कधी साधी पाटी घेऊन दिली नाही, त्यांनाच त्या पोराला कोण ओढतंय याची भारी काळजी असते!

मांड्यांचं पहिलं ताट बाहेर गेलं. फादरनी घास मोडला. आणि आबा खाकरले. आबा खाकरले की घरात बाकी आवाज बंद होत.

"तं प्रेमराजराव, फादरसना समोर पक्कं करी टाकूत. पोरगी लगीन नंतर जळगावले ऱ्हाई. नोकरी सोडी. मना शब्द जायेल शे."

"विषय संपला," प्रेमराजराव म्हणाले.

हिलालची मान हलायला लागली.

"योगराज," फादर म्हणाले, "मी पण मागणी घेऊन आलो आहे."

"कोनी?"

"डिंपलची."

दिपमालाने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. प्रेमराजराव पुढे वाकले आणि दबक्या आवाजात, कुणाची अब्रू जाऊ नये अशा काळजीने विचारलं, "पण... तुम्हाला लग्न चालतं?"

फादरना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते असे हसले, की मांड्याचा घास घशात अडकला, आणि हिलालला उठून त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. नवल हसला, दिपमाला हसली. स्वयंपाकघरात दोन आया एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या. मंजुळाबाईच्या डोळ्यांतून पाणी. "आमचं हे माणूस!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मग फादरनी सांगितलं. खुर्ची, जून महिना, धुळ्याचा सम्राट, सगळं.

आबांचा चेहरा प्रमिलाबाईने दाराच्या फटीतून पाहिला आणि तिला पुन्हा हसू आवरेना. "हेडमास्तर? आमनी डिंपल? त्या खुर्चीवर?" असं म्हणताना छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण ताणलं. लगेच प्रेमराजरावांना दिलेला शब्द आठवला आणि फुगलेली छाती खाली बसली. पुन्हा खुर्ची आठवली, पुन्हा फुगली. सायकलच्या पंपासारखा म्हातारा खालीवर होत होता.

"पन मना शब्द..."

"शब्द गेलाय," प्रेमराजरावांनी बोट वर केलं.

"आणि तुमच्यात असंही ठरलंय ना," फादर म्हणाले, "की मी सांगेन तसा निकाल?"

फोनवर छाती ठोकलेली, आता आबांना माघार कुठे? प्रेमराजरावांचं बोट खाली आलं. ठरलेली गोष्ट इतिवृत्तात गेल्यासारखी असते, हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

"मग निकाल मी देत नाही. निकाल कसा द्यायचा ते सांगतो. मठात मोठी गोष्ट ठरवायची तर सगळ्यांना एकत्र बसवतात. आणि बोलायला सुरुवात धाकट्यापासून. धाकट्याचं ऐकायचं हे आमच्या नियमात दीड हजार वर्षांपासून लिहिलंय."

"धाकट्यापासून?" प्रेमराजराव म्हणाले. "का?"

"मोठा आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना हलवतात."

सगळ्यांनी हिलालकडे पाहिलं. हिलालची मान अर्ध्यात होती. ती त्याने तिथेच धरून ठेवली.

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना," फादरनी दाराकडे पाहिलं. "आत कोण आहे? या बाहेर."

प्रमिलाबाई बाहेर आली ती कोपरापर्यंत पिठाची. लग्न होऊन या घरात आल्यापासून आबा समोर असताना ती सोफ्यावर बसलेली नव्हती. आता जागाच तेवढी होती. ती कडेला टेकली. सोफा मऊ होता. एवढा मऊ असेल असं तिला वाटलं नव्हतं. दर दिवाळीला त्याची खोळ तीच धूत होती.

*

सर्वांत धाकटी दिपमाला.

"मी बोलू? खरं बोलू?" तिने बापाकडे नाही, फादरकडे पाहिलं. "दादाचं सगळं काम इकडेच असतं. साक्री, नवापूर, पिंपळनेर. आठवड्यातले निम्मे दिवस तो इकडच्या शेतात नळ्या टाकत असतो. येताना गाडीत म्हणत होता, इथेच खोली घेतली तर पेट्रोल वाचेल आणि डिंपल पण वाचेल."

"दिपू!" नवलचे कान पेटले.

"तू म्हणालास! बाबा झोपले होते तेव्हा."

"मी झोपलो नव्हतो," प्रेमराजराव म्हणाले, आणि आपण काय कबूल केलं ते त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

मग डिंपल. वर्गात पन्नास पोरांपुढे उभी राहणारी पोरगी, पण आता साडीचा काठ बोटाला गुंडाळत होती. "मला ती खुर्ची पाहिजे," ती म्हणाली. "आणि मला नवल पण पाहिजे." मग एकदम घसरलीच. "दोन्ही पायजेत. काबर नई? कोनी सांगं की एकच लेवानं?"

आबांनी तोंड उघडलं. फादरनी नुसता हात वर केला. आबांनी तोंड मिटलं. सहा दशकांपूर्वी वर्गात मिटलं असेल तसंच.

मग नवल. नवल उभा राहिला. बसूनच बोलायचं होतं, पण उभा राहिला. "मला असं वाटतं की... म्हणजे बाबांचं म्हणणं बरोबरच आहे... पण मला जळगावात..."

टेकडीवर घंटा वाजली.

पहिल्या ठोक्याला फादर उठले. हातातला अर्धा मांडा ताटात परत ठेवला, छत्री घेतली.

"अहो, कुठे?" प्रेमराजराव गोंधळले. "मुलगा बोलतोय!"

"दुपारची प्रार्थना. घंटा झाली की लिहिणारा अक्षर अर्धं सोडून उठतो, असं आहे आमचं." त्यांनी नवलच्या खांद्याला हात लावला. "तू अर्धं सोडू नकोस. पुरं कर."

आणि गेले. खिडकीतून त्यांची छत्री उन्हात चढावर लागलेली दिसली. एवढी आग लावून माणूस निघून गेला! प्रमिलाबाईला त्यांचा भयंकर राग आला आणि भयंकर प्रेमही आलं.

"तर," प्रेमराजरावांनी हात चोळले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "फादर मोठे आहेत, त्यांची पद्धत त्यांच्या मठात. आता आपल्या पद्धतीने बोलू. नवल, बस. आबा, तुम्ही बोला."

आबांच्या चेहऱ्यावरही सुटका दिसली. त्यांनी घसा खाकरला. हिलालची मान तयार झाली. नवल बसायला लागला. सगळं पुन्हा जागच्या जागी जात होतं, आणि पोरीची खुर्ची प्रमिलाबाईच्या डोळ्यांदेखत धुळ्याकडे सरकत होती.

"मना लंबर शे."

बोलली कोण, हे तिचं तिलाही क्षणभर कळलं नाही.

"काय?" आबा म्हणाले.

"नवलनं झायं की मना लंबर लागस. धाकल्यापासून मोठालोंग. नवलराव, तुम्ही पुरं करा. उभे ऱ्हा."

नवल पुन्हा उभा राहिला, या खेपेस फार चटकन. "मला जळगावात राहायचं नाही," तो एका दमात म्हणाला. "मला इथे राहायचंय."

"ताई," प्रेमराजराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "ते फादरांचं होतं. गेले ते."

"फादर गयात. लंबर कोठे गया?"

"आणि नंबर तुमचा कसा?" हा आवाज मंजुळाबाईचा. ती ताठ बसली होती. "माझा आहे. मी तुमच्याहून धाकटी आहे."

प्रमिलाबाईने तिच्याकडे पाहिलं. केसांना लावलेला काळा रंग, आणि त्याखाली चमकणारे दोन मिश्कील डोळे. बाई आपल्याला पाडायला नाही, उभं करायला बोलतेय. नंबराचं भांडण लागलं म्हणजे नंबर आहे, हे सगळ्यांनी कबूल केलंच!

"तुम्ही धाकल्या कशा? मना जलम आनीबानीमा."

"आणि माझा त्याच्या नंतर."

"काहीतरीच काय सांगतेस," प्रेमराजराव उसळले. खोटी नोंद त्यांना सहन होत नसे. "तू बहात्तरच्या दुष्काळातली. तुझी आई स्वतः सांगायची, सुकडी खाऊन बाळंतपण काढलं म्हणून."

"बरं बाई," मंजुळाबाई म्हणाली, नवऱ्याकडे प्रेमाने पाहत. "तुम्हीच सांगताय तर त्यांचा नंबर आधी."

दिपमाला सोफ्याच्या हातावर कोसळली. डिंपलने तोंडावर रुमाल धरला.

आता सगळे प्रमिलाबाईकडे पाहत होते. तिने पिठाचे हात मांडीवर ठेवले. हसू अजून पोटात नाचत होतं, पण त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर येत होतं, आणि ते तिने येऊ दिलं.

"आबा, या घरमा माले आजलोंग एकच ईचारेल शे. मीठ कमी का व्हयनं. दुसरं काहीच कधी ईचारं नई. आज लंबर उना तर बोलस. ती खुर्ची खाली ऱ्हायनी तं तो धुळानावाला येई. तो येई तं पाड्यावरला पोरे पहिलंच साल घर बठतीन. पोरी तं आधी बठतीन. मी बठनू नववीमा, माले माहीत शे बठनं म्हंजे काय. हाई शाळा तुमनी शे आबा. तुमना कान तठे ओढेल शेत. तुमनीच नात ती वाचाडू शकस, आनि तुम्ही तिले जळगावले पोळ्या लाटाले धाडी ऱ्हायनात." तिने प्रेमराजरावांकडे तोंड वळवलं. "व्याही, लगीन व्हवाले पायजे. मनी पोर हासी ऱ्हायनी तुमना पोरना जवळ. पन ती हेडमास्तर व्हईसन हासी. जावाई आठे ऱ्हाई. पटस तं मांडा खा. नई पटस तं बी मांडा खा, उन्हाना उपाशी जाऊ नका."

मग टाळी वाजली. दिपमालाची. तिने ती लगेच मांडीखाली लपवली.

"माझं छोटंसंच आहे," मंजुळाबाई म्हणाली. "आमचं स्वयंपाकघर दोन बायकांचं नाही. मला माझ्या ओट्यावर दुसरी बाई नको. सून इथे राहू दे, सणाला भांडायला येऊ दे. मी इकडे मांडे शिकायला येईन."

हिलालचा नंबर आला. हिलालने मान हलवली नाही. तो बायकोकडे पाहत होता, जणू कोणी नवीनच माणूस घरात पाहुणं म्हणून आलंय. "मी बापना बाजूनं बठ्ठा जनम मान हालाडी," तो म्हणाला. "आज मना वाटस..." आणि अडकला. प्रमिलाबाईला वाटलं, गेलं आता. "आज मना वाटस, प्रमिला सांगस तसं." म्हणताना कपाळावर घाम फुटला होता, पण म्हणाला.

प्रेमराजराव उरले. त्यांनी खिशातून पेन काढलं, पुन्हा ठेवलं. "लोक म्हणतील घरजावई."

"खोली भाड्याने घेईन," नवल म्हणाला. "घरजावई कसा?"

"लोक म्हणतील सून नांदत नाही."

"लोक म्हणतील सून हेडमास्तर आहे," मंजुळाबाई म्हणाली. "मी आधी सांगेन, म्हणजे दुसरं म्हणायला वेळच राहणार नाही त्यांना."

प्रेमराजरावांनी समोरचं मांड्याचं ताट पुढे ओढलं. "माझा विरोध नोंदवून घ्या," ते शेवटी म्हणाले, आणि मांड्याचा घास मोडला.

राहिले आबा.

म्हातारा पहिल्यांदाच शेवटी बोलणार होता, आणि त्याला ते जमत नव्हतं. खाकरून पाहिलं, पण बोलायचं ते सगळं बोलून झालेलं. नुसती मान हलवावी तर तीही सवय नव्हती. प्रमिलाबाईला वाटलं, आता हे उठतील, पायात वहाणा घालतील आणि मळ्यात निघून जातील. पोरीचं सगळं त्या एका उठण्यावर येऊन ठेपलं होतं.

"मना शब्द जायेल व्हता," आबा म्हणाले. "पन तो माले कोनी देयेल व्हता? मी डिंपलना शब्द, डिंपलले न ईचारता दिन्हा. जे मनं नई ते मी कसं देवू? प्रेमराजराव, मना शब्द माले परत द्या."

प्रेमराजरावांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी हातानेच खूण केली. घ्या.

"मंग काय पाही ऱ्हायनात बठ्ठा?" आबा एकदम ओरडले, कारण डोळ्यांत पाणी आलं की ते ओरडत. "जाय व डिंपल! सांग फादरले! नईतं तो धुळानावाला उडी टाकी!"

*

भर उन्हात तिघी चढावर पळत होत्या. पुढे डिंपल, साडी गुडघ्यापर्यंत धरून. मागे दिपमाला, चपला हातात. आणि मागून प्रमिलाबाई, डोक्यावर फडक्यात मांडे. साधूंना रिकाम्या हाताने निरोप सांगायचा नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं होतं. "मी हेडमास्तरनी माय शे," ती धापा टाकत म्हणत होती, "मना पाय दुखाले नई पायजेत." आणि हसत होती, आणि हसल्याने आणखी धाप लागत होती.

मठाच्या व्हरांड्यात डिंपल अचानक थांबली आणि ओठावर बोट ठेवलं. "श्श. जेवताना मौन असतं. कोणी बोलत नाही. एकजण पुस्तक वाचतो, बाकीचे ऐकत जेवतात. थांबावं लागेल."

जाळीच्या खिडकीतून आतलं दिसत होतं. लांब टेबल, म्हातारे साधू, भात-वरण. कोपऱ्यात ब्रदर जोसेफ चष्मा सावरत कुठल्याशा संताची लांबलचक गोष्ट वाचत होते. संत वाळवंटात होता आणि तिथून बाहेर यायची चिन्हं नव्हती. फादर आन्सेल्मनी खिडकीकडे पाहिलं. भुवया वर केल्या. काय झालं?

डिंपलने मान हलवली. फादरना तेवढ्याने कळेना; हो की नाही? त्यांनी पुन्हा भुवया उंचावल्या. डिंपलने पुन्हा हलवली. दिपमालाने अंगठा दाखवला. एका म्हाताऱ्या साधूने, आपल्याकडे मीठ मागताहेत असं समजून, मिठाची वाटी वर करून दाखवली.

थांबावं लागेल. प्रमिलाबाईने थांबून पाहिलं. संताने वाळवंटात गुडघे टेकले. तिने डोक्यावरचे मांडे खाली ठेवले, जाळीला दोन्ही हातांनी धरलं, आणि ओरडली,

"व्हई सांगं! धाकल्यापासून मोठालोंग, बठ्ठासनी हो सांगं!"

ब्रदर जोसेफचं बोट ओळीवरून घसरलं. संत वाळवंटातच राहिला. आत कोणी एक शब्द बोललं नाही. नियम मोडायचा नव्हता. पण फादर आन्सेल्मनी चमचा उचलला आणि स्टीलच्या ताटावर मारला. मग शेजारच्या साधूने. मग मिठाच्या वाटीवाल्याने वाटीच टेबलावर आपटली, मीठ उडालं. आणि मग सगळेच, ते ओठ घट्ट मिटलेले म्हातारे, डोळे मिचकावत, ताटं बडवत, असा काही दणदणाट करायला लागले, की गोठ्यातल्या गायी हंबरल्या आणि खाली गावात लोक आज काय झालं म्हणून दारात आले.